कार्ड आहे ना घरी?

माझ्या थोरल्या दिरांनी आयुष्यात एकही वस्तू विचार न करता घेतली नाही, आणि विचार करून घेतलेली एकही वस्तू धड निघाली नाही.

ते पाणीपुरवठा कचेरीत आवक-जावक विभागात बसतात. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि पत्र ज्या टेबलाचं असेल तिकडे पाठवायचं, एवढंच काम. त्यात निर्णय म्हणून काही घ्यावाच लागत नाही. त्यामुळे निर्णय घ्यायची सगळी हौस ते नातेवाइकांवर भागवतात. कुणाला मिक्सर घ्यायचाय, कुणाला गादी, कुणाला चष्म्याची फ्रेम, भाऊजींच्या कानावर गेलं की त्यांचा हात वर होतो. "थांबा. घाई नको. मी अभ्यास करतो." म्हणून घरात सगळे त्यांना 'अभ्यासू' म्हणतात. तोंडावर नव्हे. तोंडावर माझा नवरा त्यांना 'दादा' म्हणतो, मी 'भाऊजी' म्हणते आणि माझी लेक 'मोठे काका'.

अभ्यास करायचा म्हणजे संध्याकाळी कचेरीतून आल्यावर पाय धुऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि लोक खोकी उघडतात ते व्हिडिओ बघायचे. कुठल्या तरी गावातला कुणी तरी दाढीवाला खोक्यातून वस्तू काढतो, उलटीपालटी करतो, आणि भाऊजी इकडे मान डोलावतात. असं महिना-दीड महिना चाललं की निकाल लागतो. तोवर माणसाने मिक्सरशिवाय दिवस काढायचे.

आमच्या फ्रिजचा अभ्यास त्यांनी असाच केला होता. वीज किती खातो, बर्फ किती वेळात धरतो, आवाज किती करतो, सगळं झालं. आमच्या स्वयंपाकघराचं दार किती रुंद आहे, हे तेवढं अभ्यासक्रमात नव्हतं. तो फ्रिज आजही बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी उभा आहे. पाहुणे बसले असले की दूध काढायला मी त्यांच्या गुडघ्यांतून वाट काढत जाते. आणि त्याच पाहुण्यांत भाऊजी असले तर फ्रिजवर थाप मारून म्हणतात, "बघा, आवाज आहे का?" आवाज नाही. हे मात्र कबूल केलं पाहिजे.

स्वतःसाठी त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक कॉम्प्युटर जुळवून घेतला. साधासुधा नाही, गेमिंगचा. बाजूला काच, काचेच्या आत रंग बदलणारे दिवे, आणि मधोमध आडवं, दोन पंख्यांचं एक जाडजूड ग्राफिक्स कार्ड. जाऊबाईंना त्याला हात लावायची मनाई. काचेवर बोटं उमटतात म्हणे. त्यांनी आजूबाजूची धूळ पुसायची, मधलं भाऊजी स्वतः पुसतात, चष्म्याच्या फडक्याने.

माझ्या लेकीने एकदा भाबडेपणाने विचारलं होतं, "काका, कुठला गेम खेळता याच्यावर?"

"खेळायला वेळ कुठेय, बाळा? पण उद्या खेळायचं ठरवलं तर अडायला नको."

ते उद्या अजून उजाडलेलं नाही. त्या कॉम्प्युटरवर ते दुसऱ्या कॉम्प्युटरांचे व्हिडिओ बघतात.

आता लेकीबद्दल. ती वीस वर्षांची आहे, सकाळी कॉलेजात जाते आणि दुपारपासून चपलांच्या दुकानात काम करते. लोकांच्या पायांशी बसून त्यांना बूट घालून दाखवते. वर्षभर तिने असे लोकांचे पाय हातात धरले ते कॉम्प्युटरसाठी. पाच गावांतल्या पाच मुलींची तिची एक टीम आहे. पाचही जणी रोज ठरलेल्या वेळी कानाला हेडफोन लावून बसतात आणि एकमेकींना ओरडून सांगत गोळ्या झाडतात. मला त्यातलं फार कळत नाही. पण एरवी दुकानात मान खाली घालून "अजून एक नंबर मोठा देऊ का" म्हणणारी पोरगी त्या वेळी "डावीकडे या, मी धरून ठेवते" असं ठणकावून सांगते, ते ऐकायला मला बरं वाटतं.

अडचण अशी की तिच्याकडे वडिलांचा जुना लॅपटॉप. ऐन वेळी चित्र चिकटून बसायचं. "आई, समोर कोण होतं ते मला मेल्यावर कळतं," ती म्हणायची. शेवटी टीमच्या कॅप्टनने स्पष्ट सांगितलं. पुढच्या महिन्यापासून लीग सुरू होतेय, पहिल्या सामन्यापर्यंत धड मशीन आलं तर तू, नाही तर दुसरी मुलगी तयार आहे. वाईटपणा घेऊन सांगितलं, पण खरं सांगितलं.

लेकीने तिचा हिशोब केला होता. मी कोबी चिरत होते तेव्हा समोर बसून तिने मला समजावला.

"पैसे बेताचे आहेत ना, आई. मोठा प्रोसेसर घेतला तर पडद्यावर चित्र काढायला वेगळं कार्ड लागतं, आणि कार्डातच निम्मे पैसे जातात. म्हणून मी मधला प्रोसेसर घेतेय, ज्याच्या पोटातच थोडंफार ग्राफिक्स असतं. माझा गेम त्याच्यावर नीट चालतो, मी बघितलंय. कार्ड पुढच्या वर्षी घेईन."

यात न कळण्यासारखं काय आहे? आहे त्या पैशात आज चूल पेटली पाहिजे, बाकीचं मागाहून, एवढंच ती म्हणत होती. मी म्हटलं, घेऊन टाक.

तेवढ्यात पेपरामागून माझा नवरा म्हणाला, "दादाला एकदा विचारलंस का?"

माझा नवरा वाईट माणूस नाही. पण भावाला विचारल्याशिवाय त्याने आजवर छत्रीसुद्धा घेतलेली नाही. ही आमच्या घराची रीतच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, वस्तू वापरणाऱ्याने फक्त वापरायची, निवडायची दादाने.

दादा त्याच संध्याकाळी आले. चहा घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या लेकीकडे बघून करुणेने हसले.

"पोटातलं ग्राफिक्स? अगं, ते म्हणजे हॉटेलातल्या खोलीतली किटली. असते आपली, आहे म्हणायला."

"माझा गेम चालतो त्याच्यावर, काका."

"आज चालतो. उद्याचं काय? प्रोसेसर म्हणजे पाया. पाया मोठा घ्यायचा, वर मजले कधीही चढवता येतात."

"पण मजलाच नसला तर राहायचं कुठे?" मी विचारलं.

"वहिनी, हा तांत्रिक विषय आहे," भाऊजी म्हणाले. मग लेकीला, "तू लहान आहेस अजून."

"वीस वर्षांची आहे मी."

"तेच म्हणतोय."

लेक मात्र हटली नाही. बापावर नाही गेली, नशीब. शेवटी भाऊजी "बरं बरं, तुझ्या मनासारखं" असं म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ते इतक्या सहज निघालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कॉम्प्युटरची दुकानं गावाच्या दुसऱ्या टोकाला, लेकीची सुटी व्हायच्या आत ती बंद होतात. भाऊजी म्हणाले, मी आणतो, पोरीबाळींना हे लोक गंडवतात. माझ्या नवऱ्याने तिचे पैसे तिच्याकडून घेऊन त्यांच्या हातात दिले. तिने प्रोसेसरचं नाव, नंबर, सगळं त्यांना मेसेज केलं, वर फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी तिकडून प्रत्येक आकडा पुन्हा म्हणून दाखवला. बँकेत सही जुळवतात तसं.

आणि मग आले ते भलतंच घेऊन.

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर खोकी मांडली गेली. लेकीने प्रोसेसरचं खोकं हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, हा तो नाही."

"तो नाहीच. हा त्याचा बाप आहे!" भाऊजींना आनंद मावत नव्हता. "तू सांगितलेल्याच्या दुप्पट ताकदीचा. याचा एक महाग प्रकार होता आणि एक स्वस्त. मी स्वस्तातला उचलला, तुझ्याच पैशात बसवला. मदरबोर्डही याच्याच जोडीचा. याला म्हणतात खरेदी."

एकाच वस्तूचे दोन प्रकार, त्यातला एक स्वस्त. तो का स्वस्त, हा प्रश्न वांगी घेतानासुद्धा बाई विचारते. भाऊजींनी विचारला नव्हता. लेकीने तेव्हाच खोक्यावरचं बारीक वाचायला घेतलं होतं, पण त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि समारंभ सुरू केला. अंगातली वीज निघून जावी म्हणून आम्हा सगळ्यांना आधी मोरीतल्या नळाला हात लावून यायला सांगितलं. माझा नवरा खरंच लावून आला. मग भाऊजींनी प्रोसेसर दोन बोटांत धरून जागेवर ठेवला, त्याच्यावर ती राखाडी पेस्ट पिळली, वर पंखा दाबून बसवला. "पेस्ट वाटाण्याएवढी, लक्षात ठेवा," ते म्हणाले. कुणी लक्षात ठेवणार होतं असं वाटलं नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर काही आलं नाही. काळ्या पडद्यावर एक पाटी इकडून तिकडे फिरत राहिली, सिग्नल नाही म्हणून.

भाऊजींनी वायर काढून पुन्हा घातली. मग वायर वाईट ठरली. मग मॉनिटर. मग आमच्या भिंतीतला प्लग, मग आमच्या घरातलं वायरिंग, मग फ्रिज, कारण तो त्याच लाइनवर आहे. "फ्रिज इथे बाहेरच्या खोलीत कशाला ठेवलाय तुम्ही?" असं त्यांनी मला विचारलं. मला. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. काही गोष्टींना उत्तर दिलं तर आपलीच पत जाते.

एवढ्या वेळात लेकीने खोकं पुन्हा हातात घेऊन वाचलं होतं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "याच्या पोटात ग्राफिक्सच नाहीये. म्हणून स्वस्त आहे. कार्ड लावल्याशिवाय हा चित्रच दाखवणार नाही."

दुसरा कुणी असता तर निदान खाली बसला असता. भाऊजींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्थात! म्हणूनच तर घेतला. पोटात ओझं नाही, सगळी ताकद कामाला. आता वरून एक कार्ड टाकलं की उडेल."

"कार्डाला पैसे कुठेत, काका?"

"होतील गं सावकाश. पाया झाला, हे महत्त्वाचं."

आणि हात धुऊन, चहा घेऊन ते घरी गेले. पुढच्या रविवारी पहिला सामना होता.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन दुकानात गेले. तिने चपलांच्या दुकानातून अर्धा दिवस सुटी मागून घेतली होती. दुकानदार सर्दीने बेजार होता, रुमाल नाकाला लावूनच बोलत होता, पण बोलला सरळ.

"बाई, मी साहेबांना विचारलं होतं. हा घेताय तर कार्ड आहे ना घरी? ते म्हणाले, आहे. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, आमच्याकडे सगळं आहे, तुम्ही बिल करा."

"परत घ्याल का?"

"उघडलाय, पेस्ट लागलीय. जुना म्हणून निम्म्यात घेईन. आणि ताईंना हवाय तो दुसऱ्या कंपनीचा, त्याला मदरबोर्डही बदलावा लागेल." त्याने बेरीज करून सांगितली. माझ्या पर्समध्ये आणि बँकेत मिळून जे होतं त्याच्यात ती बसत नव्हती.

बाहेर पडल्यावर लेक रडली नाही. म्हणाली, "विचारलं होतं त्याने, आई. दोनदा." एवढं एकच वाक्य ती घरी येईपर्यंत अधूनमधून म्हणत राहिली.

संध्याकाळी मी स्वतः भाऊजींना फोन लावला. नवऱ्याच्या हातात दिला असता तर त्याने तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला असता.

"दुकानदाराला कार्ड आहे म्हणून का सांगितलंत?"

"वहिनी, तुम्हाला बाजार माहीत नाही. त्यांच्या प्रश्नाला नाही म्हटलं की ते गळ्यात माल मारतात. आहे म्हणून मोकळं व्हायचं."

त्यांना तो प्रश्नच कळला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दोन वर्षं खोकी उघडताना बघून माणसाला एवढा एक प्रश्न कळू नये, आणि कळला नाही हे चार माणसांत म्हणायची लाज वाटावी. त्या लाजेची किंमत माझ्या पोरीने लोकांच्या पायांशी बसून भरायची.

"मग तुमच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड द्या तिला. तिची सोय होईपर्यंत. तुम्ही तर खेळत नाही."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"ते काढता येत नाही तसं. माझी सिस्टीम बॅलन्स केलेली आहे. एक गोष्ट हलवली की सगळंच बिघडतं."

मी फोन ठेवला. एका आठवड्यात दुसऱ्यांदा मला त्या माणसाला उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

गुरुवारी भर दुपारी जाऊबाई आल्या. त्या घरी शाळेचे गणवेश शिवतात, दुपारी मशीन सोडून कधी बाहेर पडत नाहीत. खांद्याला कापडी पिशवी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि आतून टॉवेलात गुंडाळलेलं काही तरी काढलं. टॉवेल उलगडला तर आत ते दोन पंख्यांचं कार्ड, एक वायर, चार स्क्रू, आणि एक रबराचं बूच.

"बुचाचं माहीत नाही कशाचं आहे," त्या म्हणाल्या. "निघालं म्हणून आणलं. पोरीला म्हणावं, यातलं काय लागतं ते ठेव."

"जाऊबाई! भाऊजी काय म्हणतील?"

"कळायला तर हवं आधी." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "परवाच काढलं मी, ते कचेरीत गेले तेव्हा. पडद्याची वायर लोंबकळत राहिली, तर तशाच आकाराचं दुसरं भोक होतं मागे, त्यात खुपसून दिली. चित्र आलं की! दोन संध्याकाळी झाल्या, तेच व्हिडिओ बघतायत. काल मला बोलावून म्हणाले, बघ कसं लोण्यासारखं चालतंय."

आम्ही दोघी हसायला लागलो आणि आम्हाला थांबता येईना. त्यांच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या पोटात ते ग्राफिक्स होतं. हॉटेलातली किटली. तेवढ्यावर सगळं चाललं होतं, आणि काचेच्या आड मधोमध भलंथोरलं भोक पडलं होतं ते रोज फडक्याने काच पुसणाऱ्याला दिसलं नव्हतं.

हसून झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "काच पुसतात, आत कुठे बघतात." आणि उठल्या. पन्नास बाह्या शिवायच्या राहिल्या होत्या.

लेकीने त्याच संध्याकाळी कार्ड बसवलं. नळाला हात लावायला कुणी गेलं नाही. बटण दाबल्यावर पडद्यावर चित्र आलं तेव्हा तिने टाळी वगैरे काही वाजवली नाही, नुसती ओठ घट्ट मिटून बघत बसली. मग कॅप्टनला फोन करून म्हणाली, "दुसऱ्या मुलीला नको सांगूस. मी येतेय."

रविवारी सामना सुरू व्हायच्या बेताला बेल वाजली. दारात भाऊजी, मागे जाऊबाई. माझ्या नवऱ्याने उत्साहाने कळवलं होतं त्यांना, मशीन चालू झालं म्हणून. कसं ते त्यालाही आम्ही सांगितलं नव्हतं.

भाऊजी थेट लेकीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर डोंगर, धूर, धावणारी माणसं, सगळं कसं पाण्यासारखं वाहत होतं. भाऊजींची छाती भरून आली.

"बघितलंस?" ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "हा प्रोसेसर! मी काय सांगत होतो? पाया दणकट असला की कार्डाबिर्डाचं काही अडत नाही."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "खाली वाकून बघा जरा. आपलंच कार्ड आहे ते. मी आणून दिलं."

भाऊजी वाकले. लेकीच्या कॉम्प्युटरच्या साध्या डब्याची एक बाजू उघडीच होती. आत ते दोन पंखे गरगर फिरत होते, दोन वर्षांत पहिल्यांदाच जीव खाऊन. भाऊजी बराच वेळ वाकलेले राहिले. मला वाटलं, आता तरी. आता हा माणूस सरळ उभा राहील आणि एक शब्द बोलेल, चुकलं म्हणून नाही तर निदान असू दे म्हणून. जाऊबाईही वाट बघत होत्या, मला दिसत होतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही त्या वाट बघू शकतात, याचं मला नवल वाटलं.

भाऊजी सरळ झाले. चष्मा कपाळावर चढवला.

"मग?" ते म्हणाले. "दुकानदाराने मला काय विचारलं होतं? कार्ड आहे ना घरी? मी काय सांगितलं? आहे. खोटं बोललो का मी?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. "सगळा विचार करूनच घेतलं होतं मी."

"हो ना, दादा," माझा नवरा म्हणाला.

जाऊबाई वळल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन माझी भांडी पुसायला लागल्या. पुसलेलीच होती ती.

भाऊजी आता खुर्चीच्या बाजूने पुढे आले होते, पडद्यावर बोट ठेवून माझ्या नवऱ्याला काही तरी दाखवत होते. लेकीने हेडफोनचा एक कान बाजूला केला. नजर पडद्यावरच होती.

"काका, सरका."

"अगं, मी त्याला सांगतोय की हा..."

"सरका म्हटलं ना! समोरून येतायत ते, मला दिसत नाहीये."

आमच्या घरात भाऊजींना कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आवाज तोच होता, "डावीकडे या, मी धरून ठेवते" वाला. भाऊजी सरकले. दोन पावलं मागे जाऊन फ्रिजला टेकून उभे राहिले, आणि शेजारी आलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बघ, आवाज आहे का?"

लेकीने कान पुन्हा झाकला आणि समोरून आलेल्याला, त्या दिवशी, तिने मरायच्या आधी बघितलं.